शून्य टिंब दोन

फेब्रुवारी सरता सरता अमेरिकेतल्या चँडलरच्या आमच्या जुन्या वस्तीत संत्र्यांना फुलं येतात. सकाळी गॅरेजचं दार कुरकुरत वर जातं आणि उजेडाच्या आधी तो वास आत शिरतो. मी काटोलचा. आमच्याकडे ह्याला आंबिया बहार म्हणतात, आणि बहार कसा फुटला ह्यावर घरातल्या मोठ्या माणसांचा महिनाभराचा मूड ठरायचा. तेव्हा या वासानं मला खरं तर आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्यात. सुरुवातीची वर्षं फुटायच्याही. मुग्धाला, म्हणजे बायकोला, मी हाताला धरून अंगणात न्यायचो आणि "घे, छाती भरून घे, नागपूरचं तिकीट वाचलं" असं काहीबाही बोलायचो. गेली नऊ वर्षं मात्र मी गाडीत बसतो, काच वर करतो आणि एसी लावतो. तेही मार्चमध्ये, जेव्हा इथली सगळी माणसं काचा खाली करून हिंडत असतात.

मला लाज वाटते. कारण एवढंच आहे, आणि ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसलोय.

मार्च हा इथे बेसबॉलचा महिना. उत्तरेत बर्फ असतं, म्हणून तिकडचे मोठमोठे संघ सरावासाठी आमच्या वाळवंटात येऊन उतरतात. ऑफिसातली निम्मी माणसं 'डेंटिस्टकडे जातोय' म्हणून दुपारी गायब होतात आणि दुसऱ्या दिवशी नाकं लाल करून येतात. मैदानाच्या कडेला गवताचा उतार असतो, त्यावर चादरी अंथरून म्हातारी जोडपी शेंगा फोडत बसलेली असतात. आपल्या अंगात मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा, रात्रपाळीला असल्यासारखे लाल डोळे आणि पोटात गोळा. इथे लोक मार्चमध्ये शेंगा खातात, याचं मला किती तरी वर्षं नवल वाटायचं. परीक्षा इथेही असते, फक्त ती मैदानावरच्या पोरांची असते, हे मला वेंडेलकाकांनी सांगितलं.

वेंडेलकाका आमचे शेजारी. काका हे आम्ही लावलेलं शेपूट. आमची ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती आणि पांढऱ्या केसांच्या कुठल्याही माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, अशी मुग्धाची सक्त ताकीद होती. त्यांना ते आवडायचं. "माझ्या नावाला आजवर कुणी काही जोडलं नव्हतं," असं ते म्हणाले होते. वय चौऱ्याऐंशी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब ओरेगॉनला. त्यांच्या परसात संत्र्याची चार झाडं होती आणि त्यांतलं एक भिंतीवरून आमच्याकडे झुकलेलं होतं. झाडांच्या खोडांना ते उन्हासाठी पांढरा रंग द्यायचे. आम्ही घर घेतलं तेव्हा ती पांढरी खोडं बघून माझ्या तोंडून "अरे, हे तर आमचं" असं मराठीतच निघालं. भिंतीपलीकडून ब्रश हातात घेतलेला एक उंच, वाकलेला माणूस वर आला आणि हसला. ओळख अशी झाली.

आयुष्यभर त्यांनी कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सोडायचं काम केलं होतं, म्हणजे आमच्याकडच्या पाटकऱ्याचं. ठरल्या वेळी दरवाजा उघडायचा, ठरल्या वेळी बंद करायचा, कुणाची झाडं किती प्यायली ह्यावर डोळा ठेवायचा. नजर अशी की दोन घरांपलीकडच्या तारेवर बसलेला पक्षी कुठला ते भिंतीपाशी उभ्या उभ्या सांगत. चष्मा खिशात असायचा, तो फक्त वाचायला. पण पाटकरी होण्याच्या आधी, विशीपासून पार तिशी उलटेपर्यंत, वेंडेलकाका बेसबॉल खेळत. पोटासाठी खेळत. ते सेकंड बेसमन होते.

हा सेकंड बेसमन म्हणजे काय ते कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. मी आपला क्रिकेटवाला. त्यांनी परसात चार बेस म्हणून चार संत्री चौकोनात मांडून मला शिकवलं. पहिल्या संत्र्याकडून एक गडी तुमच्याकडे जीव खाऊन पळत येतोय. चेंडू तिसऱ्याच कुणाकडून तुमच्या हातात येणार. तो झेलायचा, पायानं बेसला शिवायचं म्हणजे तो पळणारा बाद, आणि त्याच झोक्यात अंगाला पीळ देऊन चेंडू पहिल्या बेसकडे फेकायचा म्हणजे मारून तिकडे पळणारा फलंदाजही बाद. एका चेंडूत दोन. हे सगळं होईतो पळणारा खिळ्यांचे बूट पुढे करून तुमच्या नडगीवर घसरत येतो, कारण तुम्हाला पाडणं हेच त्याचं काम. गंमत म्हणजे तो तुम्हाला दिसत नाही. तुमचे डोळे चेंडूवर.

"मग कळतं कसं, काका?" मी विचारलं.

"आपला माणूस ओरडून सांगतो," ते म्हणाले. "वेळ आहे की नाही ते. त्याच्या शब्दावर उभं राहायचं."

मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर करून डावी नडगी दाखवली. नांगरटीसारखे ओरखडे होते. ईरानं बोट फिरवून मोजायला सुरुवात केली आणि तिचा हिशोब चुकला.

आता त्यांची कारकीर्द सांगतो, तिला फार वेळ लागत नाही. कॅन्ससमधल्या गव्हाच्या शेतावरून निघालेला पोरगा. दहाएक वर्षं खालच्या दर्जाच्या संघांतून बसनं गावोगाव. बॅट जेमतेम, हात मात्र सोन्याचे. मग एका ऑगस्टमध्ये वरच्या, खऱ्याखुऱ्या मेजर लीगच्या संघातल्या सेकंड बेसमनचं बोट मोडलं आणि ह्यांना बोलावणं आलं. पानगळ सुरू होईपर्यंत ते तिथे खेळले. चाळीस हजार माणसांसमोर पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा गवताचा हिरवा रंग इतका असू शकतो हे माहीत नव्हतं, असं ते सांगत. पुढच्या मार्चला संघाबरोबर सरावाला इथे आले, ह्याच वाळवंटात. एका सकाळी कपडे बदलायच्या खोलीत गेले तर त्यांच्या खुंटीवर शर्ट नव्हता.

बस्स. कारकीर्द संपली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी 'अरेरे' म्हणून चहाचा घोट घेतला असता. पण त्यांनी ती खोली ज्या पद्धतीनं सांगितली ती मी विसरू शकलो नाही. सगळे बुटाच्या नाड्या बांधत होते म्हणे. एकानंही मान वर केली नाही. मॅनेजर, ज्यानं आदल्या दिवशी त्यांना शेजारी बसवून जेवू घातलं होतं, तो भिंतीवरचा एक कागद पुन्हा पुन्हा वाचत उभा होता.

"खेळ गेला ह्याचं काही नाही," वेंडेलकाका म्हणाले होते. "माझी बॅट चालत नव्हती, मला ठाऊक होतं. पण तोंडावर सांगायला हवं होतं. हात मिळवून गेलो असतो ना मी."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला, स्वतःच्या तोंडानं, भिंतीवर कोपरं टेकून. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

त्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी झालो. सेक्रेटरी म्हणजे कुणालाच नको असलेलं पद, पण मला ते मिरवायला आवडायचं हे कबूल करतो. पाडव्याच्या कार्यक्रमाला दर वर्षी एक प्रमुख पाहुणा लागतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि दोन शब्द. आपली माणसं पृथ्वीच्या पाठीवर कुठेही गेली तरी दोन माणसं जमली की तिसऱ्याचा सत्कार करतात. मी कमिटीत वेंडेलकाकांचं नाव सुचवलं. "मेजर लीग? खरंच? अमेरिकन?" अध्यक्ष मिलिंद टेबलावर हात आपटून म्हणाला, "डन! फोटो मस्त येतील!" मिलिंद माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की पंधरा दिवस डबे पोचवणारा हाच. तोंड मात्र सैल.

मी निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा मार्च लागला होता आणि फुलांचा वास इतका होता की बोलताना जिभेवर यायचा. मी शालीचं सांगितलं, नारळाचं सांगितलं.

"नारळ?" ते म्हणाले. "त्याचं मी काय करायचं?"

"घरी न्यायचा. मान असतो तो."

मग म्हणाले, "ॲवी, मला आजवर कुणी स्टेजवर बोलावलेलं नाही. तुझ्या लोकांना माहीत आहे ना, मी फार मोठा खेळाडू नव्हतो?"

"तुम्ही फक्त या," मी म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं.

नंतरचे दहा-बारा दिवस त्यांची तयारी चालली होती. केस कापून आले. तपकिरी कोट ड्रायक्लीनिंगला दिला. ईरानं त्यांना 'नमस्कार मंडळी' शिकवायला घेतलं. तिचं स्वतःचं मराठी म्हणजे मोडकातोडका खुर्दा, पण शिकवताना ती भलतीच कडक. "नो, काका, 'ळ' म्हणा. जीभ मागे न्या!" भिंतीपलीकडून दुपारभर त्या 'ळ'ची झटापट ऐकू यायची. शेवटी त्यांनी ते शब्द इंग्रजी अक्षरांत एका कार्डावर लिहून घेतले आणि कार्ड कोटाच्या खिशात ठेवून दिलं.

पाडव्याच्या आठ दिवस आधी मिलिंदच्या किचनमध्ये मीटिंग होती. बटाटेवडे होते. कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांची ओळख लिहायला पाहिजे, नेटवर बघू काय काय आहे. आता काकांसारख्या माणसाचीही नेटवर एक ओळ असते. खेळलेले दिवस, आणि शेवटी बॅटिंगचा ॲव्हरेज. मिलिंदनं फोन डोळ्यांजवळ नेला.

"ए, हे काय आहे? ॲव्हरेज शून्य टिंब दोन!"

आणि जो हशा पिकला! आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेले. ॲव्हरेज म्हटलं की पन्नास, चाळीस, गेलाबाजार पंचवीस. "एक रनसुद्धा नाही यार!" "आमच्या सोसायटीचा वॉचमन ह्यापेक्षा बरा खेळायचा!" "शाल कशाला, रुमाल देऊ!" हसून हसून एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मला माहीत होतं. ज्याला बेसबॉलमधलं काही म्हणता काही कळत नाही तो हसला तर ठीक आहे, पण मला माहीत होतं. बेसबॉलमध्ये ॲव्हरेज म्हणजे धावा नव्हेत. दहा वेळा बॅट घेऊन उभं राहिलात तर किती वेळा चेंडू नीट मारलात, तो आकडा. दहांतून तीनदा मारणाऱ्याचे इथे पुतळे उभारतात. दोनदा मारणारा जेमतेम टिकतो, पण तोही जगातल्या अव्वल गोलंदाजांसमोर उभा असतो, आणि त्याला ठेवतात ते त्याच्या हातांसाठी. हे मला काकांनी संत्री मांडून सांगितलं होतं. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. तोंडातला वडा गिळण्याएवढा वेळ.

मी हसलो. नुसता गप्प बसलो असतो तरी आज निम्मी झोप बरी लागली असती. पण मी मोठ्यानं हसलो, कारण सुचवणारा मी होतो आणि हसलो नसतो तर हसणं माझ्यावर आलं असतं. आपण शाळेत मार्कांना इतके घाबरलेलो असतो की पुढे जन्मभर कुणाचाही आकडा आधी बघतो आणि माणूस मागाहून. ही जनरल फिलॉसॉफी झाली. खरं एवढंच की मी भित्रा आहे.

मग कुणाला तरी आठवलं की एका मोठ्या कंपनीचे व्हाइस प्रेसिडेंट, मूळचे साताऱ्याचे, त्या आठवड्यात शहरात आहेत. फोन लागला. साहेब यायला तयार झाले. दोन मिनिटांत निकाल.

"अवी, तुझ्या शेजाऱ्यांना तू सांगशील ना?" मिलिंद म्हणाला. "प्रेक्षकांत बसू देत की. श्रीखंड-पुरी खातील."

"हो, सांगतो," मी म्हटलं.

आठ दिवस होते माझ्याकडे. पहिल्या दिवशी 'उद्या सांगू' म्हटलं, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांना टाळायला लागलो. ते परसात असले की मी पुढच्या दारानं, ते पुढे असले की मी गॅरेजमध्ये. एका शनिवारी मात्र कचऱ्याचा डबा बाहेर काढताना त्यांनी मला गाठलंच. दोन टाय हातात घेऊन उभे होते.

"कुठला लावू? की तुमच्यात टाय लावत नाहीत?"

आता बोललो असतो तरी चाललं असतं. दुपार होती, रस्त्यावर कुणी नव्हतं, झाडाखाली फुलांचा सडा पडलेला. मी म्हटलं, "निळा लावा. छान दिसेल."

आजही हे वाक्य लिहिताना कान गरम झाले.

पाडव्याला ते आमच्याच गाडीतून आले. शाळेचा हॉल भाड्यानं घेतलेला, दारात गुढी, नऊवाऱ्या आणि सेल्फ्या. दाराशी एक काकू कार्यक्रमपत्रिका वाटत होत्या. त्यांनी एक वेंडेलकाकांच्या हातात दिली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यांनी खिशातून चष्मा काढला, इंग्रजी बाजू वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा काढून परत खिशात ठेवला, आणि पत्रिकेची घडी घालून तीही ठेवली. मी जवळच होतो. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. सुटलेली नव्हती.

उठलो तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "जरा बदल झालाय काका. शेवटी बघू काहीतरी." आणि माइक तपासायला पळालो. ते तिसऱ्या रांगेत ईराच्या शेजारी बसले.

साहेबांचा सत्कार झाला. शाल मी धरली होती, साहेबांच्या खांद्यावर मिलिंदनं पांघरली. साहेब लीडरशिपवर बोलले. टाळ्या झाल्या. आता आभार, की पानं वाढायची. आभार मानता मानता मिलिंद रंगात आला. "आणि मंडळी, आज आपल्यात आणखी एक सेलिब्रिटी आहेत बरं का! आपल्या सेक्रेटरींचे शेजारी, मिस्टर वेंडेल! मेजर लीग बेसबॉल प्लेअर!"

ह्या सगळ्यात काकांना कळण्यासारखं एवढंच होतं, आपलं नाव आणि खेळाचं नाव. ते उभे राहिले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस गुडघ्यावर हात टेकून उभा राहिला, त्यानं कोटाचं बटण लावलं आणि आतल्या खिशात हात घातला. कार्ड काढत होते. एक पाऊल त्यांनी रांगेतून बाहेर टाकलंही.

"ॲव्हरेज," मिलिंद म्हणाला आणि थांबला, कसलेल्या नटासारखा. "शून्य टिंब दोन!"

हॉल हसला. दोनशे माणसं वळून एका माणसाकडे बघून हसली. बहुतेकांना ती नुसती खेळीमेळीची थट्टा वाटली, त्यांना मी दोष देत नाही. मी स्टेजवर होतो, साहेबांच्या शेजारी, हातात शालीची रिकामी पिशवी. साहेब हसले. मी साहेबांकडे बघितलं आणि हसलो. दात दाखवून हसलो.

काका काही क्षण तसेच उभे होते. मग वाकून ते ईराशी काहीतरी बोलले, आणि खाली बसले. इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. पंगतीत श्रीखंड दोनदा मागून घेतलं. परत येताना मागच्या सीटवर ईराजवळ बसले आणि जायफळ कुठे मिळतं ते मुग्धाला विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात उभा होतो. भिंतीवरून कागदी पिशवीभर संत्री आली आणि मागून त्यांचं डोकं.

"नमस्कार मंडळी," ते म्हणाले. 'ळ' अगदी स्वच्छ. "शिकलोय तर वाया कशाला घालवू?"

मी हसलो. पुन्हा हसलोच. आणि त्या सकाळी मी मनाशी एक सोयीची समजूत करून घेतली, ती पुढे नऊ वर्षं पुरवली. त्यांना मराठी कुठे येतं? हशा कसला ते त्यांना थोडंच कळलं असणार! आपलं नाव घेतलं, लोक खूश झाले, एवढंच त्यांना वाटलं असणार. नाही तर संत्री घेऊन कोण येतं?

ते आणखी दोन वर्षं शेजारी राहिले. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, त्यांच्या झाडांच्या खोडांना रंग दिला, उन्हाळ्यात कूलर बिघडला तर आमच्याकडे जेवायला बसवलं. जे बोलायचं ते सोडून सगळं केलं. ईरा सॉफ्टबॉल खेळायला लागली तर काका तिच्यासाठी रोज संध्याकाळी अर्धा तास जमिनीवरून चेंडू सोडायचे. तिला एकच गोष्ट सांगायचे, पाठीमागचं आपल्याला दिसत नसतं, म्हणून आपला माणूस कोण ते माहीत पाहिजे. मी खिडकीतून ऐकायचो. ऐकून आत जायचो.

मग मुलीनं त्यांना ओरेगॉनला नेलं. तिथेच ते वारले. काही महिन्यांनी ईराच्या नावानं एक पार्सल आलं. त्यांचा जुना ग्लव्ह, आजच्या मानानं इतका लहान की हाताच्या पंज्याहून जेमतेम मोठा, आणि तेल पिऊन पिऊन काळा झालेला. चिठ्ठी मुलीची होती, माझ्यासाठी वेगळं काही नव्हतं. मी पिशवी दोनदा उलटी करून बघितली.

ह्या वर्षीही मार्च आला. ऑगस्टमध्ये ईरा कॉलेजला जाईल, म्हणून घरातला हा तिचा शेवटचा पाडवा, असं मुग्धा उगाच डोळे पुसत म्हणते. गुढीचं वस्त्र शोधायला म्हणून ईरानं परवा कपाटाचा वरचा खण उपसला. तळाशी एक शाल निघाली, दुकानाच्या प्लॅस्टिकमध्ये, घडी न मोडलेली. करड्या रंगाची, साधी किनार. साहेबांसाठी नंतर भारी शाल आणली गेली. ही आधीची, मी स्वतः जाऊन आणलेली.

"बाबा, ही कोणाची?"

मुग्धा स्वयंपाकघरात होती. खिडकी उघडी होती आणि वास येत होता. मला वाटतं वासानंच घात केला. मी खाटेवर बसलो आणि ईराला सगळं सांगितलं. मीटिंग, वडे, टाय, बुटाची नाडी. ती शाल मांडीवर घेऊन ऐकत होती. शेवटी मी माझी ती समजूतही सांगितली. म्हटलं, एकच बरं झालं, त्यांना मराठी येत नव्हतं. काय चाललंय ते कळलं तरी नाही.

ईरा प्लॅस्टिकवर बोट फिरवत राहिली.

"बाबा, काकांना कळलं होतं," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं मला, लोक का हसतायत. अँड आय वॉज नाइन, बाबा. मी ट्रान्स्लेट केलं. म्हटलं, तुमच्या बॅटिंग ॲव्हरेजला हसतायत." ती थांबली. "मग ते स्टेजकडे बघत होते. आणि मला विचारलं, इज युअर डॅड लाफिंग टू?"

"मी नो म्हटलं," ईरा म्हणाली. "आय सेड, नो काका, माय डॅड इज नॉट लाफिंग. तर ते म्हणाले, गुड. अँड ही पॅटेड माय हेड आणि बसले."

ती शाल तिथेच ठेवून आईला मदत करायला गेली. मी बसून राहिलो. त्या हॉलची रचना मला पाठ आहे, पुढे चार वर्षं मी तिथे खुर्च्या मांडल्यात. तिसऱ्या रांगेतून स्टेजवरच्या माणसाचा चेहरा अगदी समोर दिसतो. आणि वेंडेलकाकांना चष्मा फक्त वाचायला लागायचा.